जुनी डिझेल पिकअप घेताना: आधी चॅसिस, मग थंड इंजिन, शेवटी गरम इंजिन

दहा-पंधरा वर्षं चाललेली डिझेल पिकअप विकायला निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, किलोमीटर किती झालेत? विचारायला हरकत नाही, पण त्या उत्तरावर गाडी घेऊ नका. लांब पल्ल्यावर चाललेलं आणि वेळेवर तेल बदललेलं इंजिन अडीच लाखांनंतरही ठणठणीत असू शकतं. उलट गावातल्या गावात चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारून ऐंशी हजार झालेलं इंजिन आतून काजळीने भरलेलं निघतं. उभ्या गाडीत तासन्‌तास चालू ठेवलेल्या इंजिनाची झीज तर काट्यावर येतच नाही. शिवाय काटा मागे फिरवता येतो. पेडलांचे रबर गुळगुळीत झालेत, स्टेअरिंग चकाकतंय, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसून फाटलीये आणि काटा सत्तर हजार दाखवतोय, तर काट्याकडे दुर्लक्ष करा.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा आहे. डिझेलच का हवी? वजन ओढायचं असेल, ट्रेलर लावायचा असेल, रोज पन्नास-साठ किलोमीटर सलग चालवायची असेल तर डिझेलला तोड नाही. कमी आरपीएमवर मिळणारा टॉर्क हाच तिचा खरा गुण. पण दिवसाला दोन-तीन छोट्या फेऱ्या आणि हौद्यात आठवड्यातून एकदा चार पोती, एवढंच काम असेल तर पेट्रोल गाडी बघा. डिझेल इंजिन तापायला वेळ घेतं आणि अर्धवट तापलेलं इंजिन रोज बंद केलं की काजळी साठते, न जळलेलं डिझेल रिंगांवरून ओघळून तेलात उतरतं. नव्या धाटणीच्या, धुराचा फिल्टर असलेल्या गाडीला तर असला वापर अजिबात मानवत नाही.

आधी गाडीखाली जा

बहुतेक जण बॉनेट उघडून सुरुवात करतात. जुन्या पिकअपमध्ये हा क्रम उलटा हवा. इंजिन उतरवता येतं, लायनर-पिस्टन बदलता येतात, डिझेल पंप कॅलिब्रेट करून घेता येतो. सडलेल्या किंवा वाकलेल्या चॅसिसला मात्र धड उपाय नाही. म्हणून जुने कपडे घाला आणि टॉर्च, छोटा हातोडा, जाड स्क्रूड्रायव्हर, मापाची टेप घेऊन आधी गाडीखाली आडवे व्हा.

पिकअपची चॅसिस शिडीसारखी असते, दोन लांब रेल आणि मध्ये आडवे क्रॉसमेंबर. रेल पेटीसारखी बंद असेल तर चिखल आणि पाणी आत साठतं, गंज आतून बाहेर येतो. बाहेरचा रंग शाबूत आणि आतलं लोखंड कागदासारखं, अशी अवस्था असू शकते. हातोड्याने हलकेच ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं. सडलेल्या ठिकाणी आवाज भद्द येतो आणि पापुद्रे गळतात. तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. टोक आत रुतलं तर पुढचं काही बघायची गरज नाही. मागच्या कमानींचे (एकावर एक पाटे रचलेल्या स्प्रिंगांचे) हँगर, मागच्या अ‍ॅक्सलच्या वर रेल जिथे वाकून चढते ती जागा, डिझेल टाकीच्या पट्ट्यांमागचा भाग, स्टेपनीच्या वरचा क्रॉसमेंबर आणि केबिन जिथे रबरावर बसते ते कंस, या जागा चुकवू नका. ब्रेकच्या लोखंडी नळ्या चॅसिसला चिकटून जातात, त्याही याच वेळी बघून घ्या. खवले धरलेली नळी जोरात ब्रेक मारल्यावरच फुटते, म्हणजे नेमकी ब्रेकची गरज असताना.

खालचा सगळा भाग ताज्या काळ्या रंगाने माखलेला असेल तर सावध व्हा. गाडी विकायच्या आठवड्यात खालून रंगवण्याला एकच कारण असतं.

आता वाकलेपण. गाडी सपाट जागेवर उभी करून दहा पावलं लांब जा आणि केबिन आणि हौदा यांच्यामधली फट बाजूने बघा. ती वर आणि खाली सारखी हवी. वर कमी आणि खाली जास्त असेल तर केबिनमागे चॅसिस वाकली आहे, म्हणजे गाडीने वर्षानुवर्षं क्षमतेपेक्षा जास्त माल वाहिला आहे. मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा, स्टेअरिंग सरळ ठेवून. दोन मापांत पाच-सात मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर एक तर अ‍ॅक्सल सरकलाय किंवा गाडीने कधीतरी जबर मार खाल्लाय. रेलच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर वेल्डिंग दिसलं तर त्याच्या कडेने केसाएवढी तड शोधा. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचं पोलाद कमजोर होतं आणि तड जोडावर न येता जोडाच्या शेजारी येते.

कमानींवरून गाडीचा इतिहास कळतो. रिकाम्या गाडीत कमान सपाट किंवा उलटी वाकलेली असेल, किंवा जादा पाटा घातलेला असेल, तर ओव्हरलोडचा तो दाखलाच. तुटलेला पाटा सहज दिसत नाही. दोन पाट्यांमध्ये गंजाची लाल रेघ आडवी दिसली की तिथे बोट घाला. शॅकलच्या पिना आणि बुश पहारीने हलवून बघा. यातलं काही फार महाग नाही, पण जिथे कमानी दमल्या आहेत तिथे मागचे हब बेअरिंग, क्लच आणि डिफरन्शियलनेही तेवढंच वजन सोसलेलं असतं.

थंड इंजिन

विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर बोलत-बोलत हात इंजिनाला लावा. टॅपेट कव्हर, रेडिएटरचा वरचा पाइप, इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरची बाजू. कोमट लागलं तर त्या दिवसापुरता व्यवहार थांबवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या. "जरा बॅटरी चार्ज करायला सुरू केली होती" हे कारण खरंही असेल, पण थंड इंजिनाची परीक्षा बुडाली ती बुडालीच.

एवढा आग्रह का, तर डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण सोळा ते बावीस पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसत नसले, डिझेल फवारणारं नोझल थेंब टाकत असलं की थंडीत हा खेळ बिघडतो. एकदा इंजिन तापलं की तेच दोष झाकले जातात.

चालू करायच्या आधी दोन झाकणं उघडा. तेलाची कांडी काढा. डिझेलचं तेल काळंच असणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चार दिवसांत काळं होतं. उलट स्वच्छ सोनेरी तेल दिसलं तर ते कालच बदललंय आणि का बदललं हे विचारा. बघायची गोष्ट म्हणजे पातळी. वरच्या खुणेच्याही वर असेल तर तेलात काहीतरी मिसळतंय. बोटावर घेऊन वास घ्या. डिझेलचा वास आणि पाण्यासारखा पातळपणा असेल तर इंजेक्टर गळतोय, फीड पंपाचा पडदा फाटलाय किंवा धुराच्या फिल्टरची सफाई पुन्हा पुन्हा अर्धवट राहतेय. तेल दुधाळ असेल तर कूलंट आत जातंय. मग कूलंटच्या टाकीत डोकावा. वर तेलाचा तवंग, चॉकलेटी गाळ, किंवा नुसतं गढूळ पाणी भरलेलं, तिन्ही वाईट. नुसतं पाणी म्हणजे आतून गंज, आणि वेट लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट कूलंट लागतं अशा, इंजिनात त्याहून वाईट प्रकार होतो. लायनर थरथरतो, पाण्याचे बारीक बुडबुडे त्याच्या भिंतीवर फुटत राहतात आणि वर्षानुवर्षं टोचून टोचून लायनरला भोक पाडतात. योग्य कूलंटमधली रसायनं हेच रोखण्यासाठी असतात.

आता चावी फिरवा. हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबा, मग सेल मारा. दोन-चार फेऱ्यांत इंजिन पकडायला हवं. ऑइलचा दिवा दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. एखादा प्लग गेला असेल तर इंजिन सुरुवातीला थरथरेल, पांढरा धूर टाकेल आणि मिनिटाभरात सुरळीत होईल. हा स्वस्तातला दोष आहे. पण प्लग सगळे चांगले असूनही सेल मारत राहावं लागलं तर कॉम्प्रेशन किंवा डिझेलची बाजू तपासावीच लागते. विकणारा एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारून गाडी सुरू करत असेल तर हसून निरोप घ्या.

धुराचे तीन रंग सगळ्यांना पाठ असतात, अर्थ लावताना मात्र गोंधळ होतो. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: तुंबलेला एअर फिल्टर, फाटलेला इंटरकूलरचा पाइप, अडकलेला ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), थकलेली नोझल. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीने अ‍ॅक्सिलरेटर दाबताच एक काळा फुत्कार टाकला तर ते चालतं. चढावर सतत काळा पट्टा ओढत जाणं चालत नाही. निळा म्हणजे तेल जळतंय: रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा. पांढऱ्यात खरी मेख आहे. डोळे झोंबणारा, डिझेलचा वास असलेला पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. गोडसर वासाचा, हवेत लगेच न विरणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळतंय. आणि थंडीत सायलेन्सरमधून येणारी, हातभर अंतरावर विरून जाणारी वाफ म्हणजे काहीच नाही.

इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण सैल करून उलटं तसंच भोकावर ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि भोकातून आगगाडीसारखे धुराचे झोत येऊ लागले तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे जळालेला वायू रिंगांवरून खाली उतरतोय. एकट्या या चाचणीवर मात्र निकाल देऊ नका, कारण काही इंजिनांच्या रचनेतच झाकणाखाली जोराची हवा असते, आणि टर्बोचे सील गेले तरी क्रँककेसमध्ये दाब वाढतो. शंका आली तर मेकॅनिककडून कॉम्प्रेशन काढून घ्या. निरोगी डिझेलमध्ये साधारण २५ ते ३५ बार दाब मिळतो. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक जास्त बोलतो. सगळे २४ वर असतील तर इंजिन समान झिजलंय, अजून चालेल. तीन २८ वर आणि एक १९ वर असेल तर त्या एकात काहीतरी मोडलंय.

याच पहिल्या दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा पाइप दाबून बघा. इंजिन अजून थंडच आहे आणि पाइप दगडासारखा कडक झाला, तर हेड गॅस्केटमधून ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. खात्री करायची असेल तर टाकीच्या तोंडावर धरायचं रसायनाचं किट मिळतं; वायू असेल तर त्यातला निळा द्रव पिवळा पडतो.

पंप जुना की कॉमन रेल?

जुन्या डिझेलचे दोन वर्ग असतात आणि कुठल्या वर्गातली गाडी घेतोय हे माहीत नसताना सौदा करणं म्हणजे आंधळा कारभार. एका बाजूला मेकॅनिकल पंप, म्हणजे रोटरी किंवा इनलाइन. नोझल साधारण दीड-दोनशे बारच्या आसपास उघडतं, वायरी मोजक्या, दोष कानाने सापडतो. दुसऱ्या बाजूला कॉमन रेल, म्हणजे जोराच्या दाबाचं डिझेल एकाच सामायिक नळीतून सगळ्या इंजेक्टरना जातं ती पद्धत. प्रवासी गाड्यांत ती १९९७ मध्ये आली तेव्हाच दाब १३५० बारपर्यंत होता, नंतर तो २००० च्या पुढे गेला. आवाज कमी, ताकद जास्त, डिझेल कमी लागतं. पण आतल्या भागांमधलं अंतर काही मायक्रॉनचं, त्यामुळे पाणी आणि धूळ यांना माफी नाही.

मेकॅनिकल पंपात झीज हळूहळू होते आणि आगाऊ सूचना देते. कमी गंधकाचं डिझेल आल्यावर जुन्या पंपांची रबरी सील आक्रसून गळायला लागली, हा बऱ्याच देशांतला अनुभव. पंपाच्या अंगावर ओल दिसली तर बहुतेक वेळा सील किटवर भागतं.

कॉमन रेलमध्ये हाय प्रेशर पंप आतून खरवडला गेला की धातूचा भुगा रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये आणि परतीच्या नळीतून टाकीपर्यंत पोहोचतो. मग नुसता पंप बदलून चालत नाही. पंप, सगळे इंजेक्टर, रेल, नळ्या, टाकीची सफाई, एवढं सगळं करावं लागतं आणि जुन्या गाडीत हा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. म्हणून कॉमन रेलची गाडी असेल तर डिझेल फिल्टर उतरवू द्या अशी अट घाला. आतलं डिझेल पांढऱ्या भांड्यात ओता आणि उन्हात धरा. चमचमणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवून बघायचीही गरज नाही. तळाला पाण्याचे गोळे दिसले तर मालकाने वॉटर सेपरेटर कधी सोडलेलाच नाही.

इंजेक्टर तपासायला परतीच्या डिझेलची चाचणी सगळ्यात सोपी. मेकॅनिक प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला स्वतंत्र नळी लावून ती एकेका बाटलीत सोडतो आणि तापलेलं इंजिन काही मिनिटं आयडलवर चालवतो. चारही बाटल्यांत पातळी जवळपास सारखी हवी. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट डिझेल जमलं तर तो इंजेक्टर गेला. चारही भराभर भरल्या तर चारही. इथे एक धोक्याची गोष्ट. जुन्या मेकॅनिकल गाडीत एकेका नोझलचा नट सैल करून मिसिंग कुठे आहे ते शोधायची पद्धत होती. कॉमन रेलच्या चालू इंजिनावर हा प्रकार कधीही करू नका. हजार-दीड हजार बारचा झोत कातडी भेदून आत जातो आणि बारीकशी टोचल्याची खूण दिसली तरी ती शस्त्रक्रियेची वेळ असते.

इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा वॉशर असतो. तो गळायला लागला की थंड इंजिनात फुस-फुस असा आवाज येतो आणि भोवती डांबरासारखा काळा थर जमतो. टोयोटाच्या हायलक्स आणि प्राडोमधल्या तीन लिटरच्या १केडी इंजिनात हा दोष गाजलेला आहे: वायू टॅपेट कव्हरखाली शिरतो, काजळी तेलात उतरते, चेंबरमधली तेल ओढणारी जाळी तुंबते आणि इंजिन तेलावाचून मरतं. कारण एका छोट्या वॉशरचं, परिणाम क्रँकवर. कमिन्सच्या ५.९ लिटर बी सिरीजमध्ये, डॉजच्या पिकअपमध्ये बसलेल्या त्या इंजिनात, टायमिंग कव्हरमागची एक डॉवेल पिन कंपनाने सैल होऊन गिअरांत पडायची. अर्ध्या दिवसाच्या कामात पट्टी लावून ती अडवता येते, पण कुणी अडवली आहे का ते विचारावं लागतं. फोर्डचं २००३ ते २००७ मधलं ६.० लिटर पॉवर स्ट्रोक ऑइल कूलर तुंबणं, ईजीआर कूलर फुटणं आणि हेड गॅस्केट जाणं या साखळीसाठी बदनाम झालं. ही नावं घाबरवायला दिलेली नाहीत. प्रत्येक इंजिनाची एखादी ठरलेली खोड असते. गाडी बघायला जाण्याआधी तुमच्या इंजिनाची खोड शोधा आणि विकणाऱ्याला पहिला प्रश्न तोच विचारा. उत्तर पटकन आणि बिलासकट आलं तर मालक जाणता आहे.

टायमिंग बेल्टचंही तसंच. बेल्टचं इंजिन असेल आणि बदलल्याचा कागद नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा आणि किमतीतून वजा करा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. चेन असलेली गाडी सुरक्षित, असंही समजू नका. ताणलेली चेन थंड इंजिनात पुढच्या बाजूला खडखडते.

टर्बो बघायला इंजिन बंद करून हवेचा पाइप काढा आणि दांडा बोटांनी हलवा. आडवा किंचितसा हलला तर चालतं, कारण तो तेलाच्या थरावर तरंगतो. पुढे-मागे जाणवण्याइतका सरकला किंवा पंख्याची पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तर संपला. पाइपात तेलाचा पातळ थर नेहमीचाच, वाटीभर तेल नाही. झिजलेला टर्बो स्वतःच्याच इंजिनाचं तेल सिलिंडरमध्ये ढकलू लागला तर चावी काढूनही इंजिन थांबत नाही, उलट वेग वाढवत सुटतं. तसं झालंच तर वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडून ते कोंडायचं किंवा फळीच्या तुकड्याने हवेचं तोंड बंद करायचं. हात लावायचा नाही.

ईजीआर आणि धुराच्या फिल्टरबद्दल थोडक्यात. फिल्टर आतून पोकळ करून वर तसाच बसवलेल्या गाड्या सर्रास विकल्या जातात. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा: चांगला फिल्टर असलेल्या गाडीत तिथे जवळजवळ काजळी नसते, पोकळ केलेल्यात बोट काळंभोर निघतं. अशी गाडी अनेक देशांत कायद्याने रस्त्यावर आणता येत नाही. फिल्टर शाबूत असेल तर स्कॅनर लावून आतली काजळी आणि शेवटची सफाई कधी झाली ते वाचून घ्या. काजळी सहाशे अंशांच्या आसपास जळते, पण तेलातून आलेली राख जळत नाही. ती साठत राहते आणि एक दिवस फिल्टर काढून धुवावा किंवा बदलावाच लागतो. धूर साफ करायला युरिया लागणारी गाडी असेल तर टाकीच्या तोंडाशी पांढरे स्फटिक आणि पॅनेलवरचे दिवे बघा.

चालवून बघताना

रेडिओ बंद, काचा खाली. ब्रेकपासून सुरुवात करा. डिझेलला पेट्रोलसारखी मॅनिफोल्डची निर्वात मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली बसलं पाहिजे. नाही बसलं तर पंप, नळी किंवा बूस्टर यांपैकी काहीतरी गेलंय. मागच्या अ‍ॅक्सलवर वजनानुसार ब्रेकचा जोर बदलणारा व्हॉल्व्ह अनेक पिकअपना असतो. त्याची दांडी गंजून जाम झाली की रिकाम्या गाडीची मागची चाकं पहिल्याच ब्रेकला घसरतात, किंवा भरलेल्या गाडीला मागे ब्रेकच लागत नाही.

क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम चढलं आणि गाडी मागे राहिली तर प्लेट संपली. न्यूट्रलमध्ये खडखड आणि क्लच दाबताच ती थांबते, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर संशय. इंजिन बंद करताना ठणाठणा आवाज येतो, तर दुहेरी फ्लायव्हील, आणि ते क्लचपेक्षा महाग पडतं. दुसरा गिअर घाईने टाकून बघा; सगळ्यांत आधी त्याचाच सिंक्रो जातो. उतारावर पाय सोडल्यावर गिअर आपोआप निसटला तर बॉक्स उघडायला लागणार.

गाडीने जोर लावतानाच मागून गुणगुण येते की पाय सोडल्यावर, यावरून डिफरन्शियलची कुठली बाजू झिजली ते कळतं. पुढे-मागे करताना ठक्क आवाज आला तर आधी प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस बघा, ते स्वस्त आहेत. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर मातीच्या किंवा वाळूच्या जागेवर हाय आणि लो दोन्ही टाकून बघा, कोरड्या डांबरावर नको. वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर हलतच नाही असं बऱ्याचदा होतं. चारही टायर एकाच मापाचे आहेत का तेही बघा. वेगळ्या मापाच्या टायरांनी ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा बॉक्स) गरम होऊन मरते. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

शक्य असेल तर हौद्यात वजन टाकून चढावर न्या. रिकामी पिकअप सगळं लपवते. तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमपासून पूर्ण दाबून, टर्बो कधी उचलतो, धूर किती येतो आणि तापमानाचा काटा कुठे जातो, हे तीन बघायचे. चढावर काटा हळूहळू वर आणि सपाटीवर पुन्हा खाली, तर अर्धा तुंबलेला रेडिएटर किंवा पंख्याचा सैल कपलिंग. हीटर चालू केल्यावर काटा उतरला तर रेडिएटरचा संशय पक्का.

परत आल्यावर इंजिन दोन मिनिटं आयडलवर ठेवा, मग बंद करा आणि वीस मिनिटं गप्पा मारा. ही वीस मिनिटं बहुतेक जण चुकवतात. रोटरी पंपाचं हेड झिजलं की थंडीत गाडी झटक्यात सुरू होते, कारण थंड डिझेल घट्ट असतं आणि सेल मारण्याच्या वेगातही दाब तयार होतो. गरम पंपात डिझेल पातळ होऊन झिजलेल्या फटीतून निसटतं. गरम इंजिन सुरू होत नसेल तर पंपाच्या अंगावर ओलं फडकं टाका आणि काही मिनिटं थांबा. मग सेल मारल्यावर पटकन सुरू झाली, तर पंप खोलावा लागणार. कॉमन रेलमध्येही गरमच अडखळते, पण तिथे कारण बहुतेक वेळा इंजेक्टरची गळती. सेल मारताना स्कॅनरवर रेलचा दाब दोनशे बारच्या पुढे जात नसेल तर दोष तिथेच शोधा.

हिशेब

दोष सापडले म्हणून गाडी सोडायची नसते. जुन्या पिकअपमध्ये दोष सापडणारच. कागदावर दोन रकाने करा. एकात नट-बोल्टने सुटणारे दोष: क्लच, कमानी, बुश, हीटर प्लग, सील, टायर, बॅटऱ्या, रेडिएटर. यांची बेरीज करून किमतीतून वजा मागा. दुसऱ्यात चार गोष्टी: सडलेली किंवा वाकलेली चॅसिस, पाण्यात वायू, कॉमन रेलमध्ये धातूचा भुगा, आणि इंजिन किंवा चॅसिसचा नंबर कागदाशी न जुळणं. यातली एकही असेल तर किंमत कितीही खाली आली तरी घेऊ नका. टर्बो आणि इंजेक्टर मधल्या रेषेवर बसतात. बाकी गाडी चांगली असेल आणि त्यांचं रीबिल्ड जवळपास कुणी करत असेल तर पहिल्या रकान्यात, नाहीतर दुसऱ्यात. सुटे भाग मिळतात का हे गाडी बघायच्या आधी विचारायचं असतं, नंतर नाही.

ठरलेल्या किमतीच्या पाव हिस्सा रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय जुन्या डिझेलच्या नादी लागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यातला बराचसा भाग पहिल्या महिन्यातच जातो. इंजिन ऑइल आणि फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल, कूलंट, ब्रेक ऑइल, बाहेरचे सगळे बेल्ट आणि कागद नसेल तर टायमिंग बेल्ट, प्रॉपेलर शाफ्टच्या निपलांना ग्रीस, मेकॅनिकल इंजिन असेल तर टॅपेट सेटिंग. डिफरन्शियलचं तेल काढाल तेव्हा नटावरचं लोहचुंबक पुसून बघा. करड्या मलमासारखा थर ठीक, टोचणारे तुकडे नाहीत. आणि इंजिनाचं पहिलं तेल पूर्ण मुदतभर चालवू नका. नव्या तेलातले डिटर्जंट जुनी काजळी सोडवतात, म्हणून हजार-दीड हजार किलोमीटरवर तेल आणि फिल्टर पुन्हा एकदा बदला. त्या जुन्या फिल्टरची घडी कापून पसरून बघितली की आत काय चाललंय ते दिसतं.